चिमणीच्या उजेडातलं शुभवर्तमान

धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस भेटला की लोक अजून विचारतात, "म्हणजे मूळचे कुठले म्हणायचे?" आम्ही इथलेच. इथलीच काळी-मुरमाड जमीन, इथलीच ज्वारी, इथलाच दुष्काळ. फक्त आमच्या घरात दिवेलागण झाली की नव्या कराराचं पुस्तक उघडायचं. ते पुस्तक आमच्या रानाला कसं आलं आणि त्याने आम्हाला काय दिलं, एवढंच सांगायचं आहे.

मराठीतला नवा करार पहिल्यांदा छापला गेला तो आपल्या मुलखापासून फार लांब, बंगालातल्या श्रीरामपुरात. विल्यम कॅरीने 1811 साली तो काढला. 1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईला उतरले. पुढे त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं आणि तिथून 1842 साली 'ज्ञानोदय' निघालं. सोलापूरलाही या मिशनचं काम सुरू झालं. आमचा जिल्हा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. कचेरीत उर्दू, वरच्या शाळेत उर्दू. सरहद्दीपलीकडच्या बार्शीची छोटी रेल्वे 1911 मध्ये येडशीवरून लातूरला गेली, तशी माणसांची आणि मालाची ये-जा वाढली. तरी गरिबाच्या घरात छापील मराठी पुस्तक म्हणजे नवलच होतं.

आमच्या आजीचं माहेर सोलापूरकडचं. लग्नात तिने एका पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी आणि हे पुस्तक आणलं. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. आबा, म्हणजे माझे वडील, अक्षरं शिकले ती याच पुस्तकावर बोट ठेवून. म्हणून आमच्या घरी 'उजेड' या शब्दाला दोन अर्थ एकदमच आले. एक अक्षराचा आणि एक आतला.

शिकल्यासवरल्या माणसांनाही हा उजेड सहज मिळालेला नाही. बाबा पदमनजींचा 1854 साली बाप्तिस्मा झाला. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं 'अरुणोदय'. मला ते नाव फार खरं वाटतं. अरुणोदय म्हणजे सूर्य नव्हे. आधी नुसतं तांबडं फुटतं, माणूस डोळे चोळतो, मग हळूहळू बांध दिसायला लागतात.

रेव्हरंड टिळकांचंही तसंच झालं. नारायण वामन टिळक कोकणातल्या ब्राह्मण घरातले, कवी, देशाच्या काळजीने तळमळणारे. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. त्यांनी तो वाचायला घेतला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. वैऱ्यावर प्रेम करा, हे सांगणारी ती पानं त्यांना सोडवेनात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पण एकाचा उजेड दुसऱ्याच्या घरात अंधार करू शकतो, हेही इथे सांगितलं पाहिजे. लक्ष्मीबाई टिळकांवर काय कोसळलं ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. नवऱ्यापासून ताटातूट, नातेवाइकांचं बोलणं, पोराची काळजी. नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षं झगडून, सोवळंओवळं स्वतःच्या मनाशी तपासून, मग त्यांनी पाऊल टाकलं. माझ्या मते त्या घरातला खरा मोठा प्रवास त्यांचा आहे.

टिळकांनी आमच्यासारख्यांवर एक मोठा उपकार केला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते मानत. त्यामुळे त्यांनी प्रार्थना लिहिली ती अभंगात. गोरोबाकाकांच्या तेरच्या आसपास वाढलेल्या माणसाला टाळ-मृदंगाशिवाय देव जवळचा वाटत नाही. विलायती चालीवरचं गीत आजीला अवघड जाई. पण अभंग लागला की तिची मान आपोआप डोलायची. शेजारच्या माळकरी म्हाताऱ्या ओट्यावर येऊन बसत. पाण्याच्या आडावर आम्हाला लांब उभं करणारं गाव तेच होतं आणि भजनाला येऊन बसणारंही तेच.

वाचन झालं की आजी विचारायची, "मग, काय समजलं?" हीच आमची मननाची रीत. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर तर ती दरवर्षी मृगाच्या आधी बोलायची. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपात, काही चांगल्या जमिनीत. आबा म्हणाले, "आपण चांगली जमीन व्हावं, असा अर्थ." आजी म्हणाली, "आरं, जमीन काय आपसूक चांगली व्हती व्हय? धोंडं येचावं लागत्यात, पाळ्या घालाव्या लागत्यात. प्रार्थना म्हंजी रोजची पाळी. पाऊस पाडणं आपल्या हातात न्हाई, कुळव धरणं हाय."

1972 च्या दुष्काळात ते बोलणं कसाला लागलं. आजी खडी फोडायच्या कामाला जायची. संध्याकाळी हाताला फोड आलेले असत, तरी हात जोडायची. एकदा मी विचारलं, "आजी, रोज मागतीस, पाऊस कुठंय?" ती म्हणाली, "म्या पाऊस मागत न्हाई लेकरा. शेजारणीच्या पोराला माझ्यातली सुकडी देताना हात आखडू ने, एवढंच मागती." त्या दिवशी प्रार्थनेचा अर्थ मला पहिल्यांदा जरासा दिसला.

सगळ्यात मोठी परीक्षा आली ती 30 सप्टेंबर 1993 ला. गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूरकडचं किल्लारी, आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि कितीतरी गावं दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. 7 हजारांच्या वर माणसं गेली. दोन दिवसांत पारावर बोलणं सुरू झालं, "पाप वाढलं की असं व्हतंय." आमच्या प्रार्थनेतही एकाने तेच म्हटलं.

आबांनी तेव्हा लूकचा तेरावा अध्याय काढला. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली. ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती काय, असं येशू विचारतो, आणि "नाही" असं स्वतःच उत्तर देतो. वर ऐकणाऱ्यालाच सांगतो की तू पश्चात्ताप कर. आबा एवढंच बोलले, "मेलेल्यांचा हिशेब आपण मांडायचा नाही. आपला मांडायचा." मग पुस्तक मिटलं. आईने रात्रभर भाकरी थापल्या आणि सकाळी आबा फडक्यात बांधून सास्तूरच्या वाटेला लागले. देवाने हे का केलं, याचं उत्तर त्यांना मिळालं नव्हतं. आपण आता काय करायचं, ते मात्र कळलं होतं.

आध्यात्मिक प्रकाश म्हणजे काहीतरी झगझगीत दिसणं, असं पुष्कळांना वाटतं. आमच्या घरात तो चिमणीएवढाच होता. चिमणीने सगळं रान दिसत नाही. पण ताटातली भाकरी दिसते, शेजारी उपाशी बसलेला माणूस दिसतो. आजीच्या मते देवाला बघण्यापुरता तेवढा उजेड बास होता.