महाराज, मनुची आणि पत्त्यांचा डाव

सातारा रस्त्यानं पुण्याबाहेर पडलात, खेड-शिवापूरचा टोलनाका ओलांडलात, की नसरापूर फाट्याच्या अलीकडे वरवे बुद्रुक लागतं. भोर तालुका. महाबळेश्वरला निघालेल्या आपल्यासारख्यांसाठी हे गाव म्हणजे गाडीच्या काचेतून दिसलेली एक पाटी. पण नकाशा उघडून बघा. पश्चिमेला राजगड, त्याच्या मागे वेल्ह्याचा तोरणा. वायव्येला सिंहगड. पूर्वेला पुरंदर. उद्या कुणी साहसकथेच्या खेळासाठी बोर्ड आखायला घेतला, तर मधल्या घरात वरवेच येईल.

तर मंडळी, आजचा विषय तोच. टेबलावरचे खेळ, आणि त्यात शिरणारी खरीखुरी राजकारणी माणसं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि टेबलाभोवती बसून गोष्ट खेळण्याचा प्रकार रूढ झाला. एकजण सूत्रधार, बाकीचे पात्रं, आणि अडलं की फासे. त्यातलीच एक जात म्हणजे 'पल्प' साहसं. १९२०-३० च्या दशकांतल्या स्वस्त कागदावरच्या मासिकांची ती दुनिया: विमानं, गुप्तहेर, हरवलेली मंदिरं. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडनं जे काम केलं तेच. आता खेळाचा काळ १९३० चा म्हटला की प्रश्न येतोच: हिटलर, चर्चिल, गांधी यांना टेबलावर आणायचं का? आणि आणलं तर फासे कुणी टाकायचे?

हा प्रश्न फक्त परदेशी पोरांचा आहे असं समजू नका. आपल्याकडे दर दिवाळीला गल्लोगल्ली हाच खेळ मांडला जातो. दगड-माती, पोत्याचं कापड, अळीव पेरून उगवलेलं गवत, आणि वर सिंहासनावर महाराज. खाली मावळे, तोफा, कधीकधी प्लॅस्टिकचा वाघ आणि एखादी चुकार मारुती गाडीसुद्धा. पण एक गंमत लक्षात आली का? मावळा हलतो. आज बुरुजावर, उद्या पायथ्याशी, परवा मांजरीनं पाडलेला. महाराज मात्र जागचे हलत नाहीत. लहान पोरांनाही न सांगता कळतं की हा तुकडा खेळायचा नाही. खेळात आलेल्या खऱ्या नेत्याचं हे पहिलं रूप: मूर्ती.

दुसरं रूप म्हणजे विनोद. 'सिव्हिलायझेशन' या कॉम्प्युटर गेमची दंतकथा आपल्या धंद्यातल्या बहुतेकांनी ऐकली असेल. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत म्हणे गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले, आणि आठ बिटांच्या आकड्यात उणे एकाचे झाले २५५. झालं, गांधी अणुबॉम्ब टाकत सुटले! ऐकायला झकास. पण गेमचा जनक सिड मायर यानं २०२० सालच्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय की असला बग नव्हताच. उलट २०१० च्या पाचव्या भागात गांधींची अणुबॉम्बची हौस मुद्दाम, गंमत म्हणून वाढवून ठेवली होती. बग खोटा, पण विनोद मात्र जगभर पोचला. गांधींचं एक पानही न वाचलेल्या कितीतरी पोरांना त्यांच्याबद्दल एवढं एकच 'माहीत' असतं.

तिसरं रूप आपल्याला झेपत नाही असं नुसतं म्हणून भागणार नाही, पुरावा आहे. याच रस्त्यानं पुढे वाईजवळ मेणवली लागतं, नाना फडणवीसांचं. १९७२ साली तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना पात्र म्हणून आले, कारस्थानी आणि लंपट. केवढा गदारोळ! १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं, आणि १९७४ साली थिएटर अकॅडमीनं ते पुन्हा उभं केलं. हे ऐतिहासिक नाटक नाही असं तेंडुलकर सांगत राहिले. पण खरं नाव घेतलं की प्रेक्षक हिशेब मागणारच, आणि त्यात गैर काही नाही. खरं नाव वापरण्याची ती किंमत आहे.

मग ती देऊन मिळतं काय? इथे मला वरव्याच्या पूर्वेकडे बोट दाखवायचंय.

१६६५. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदराला वेढा घालून बसलेत. वज्रगड गेलाय. मुरारबाजी पडलाय. मुघल तुकड्या आसपासची गावं जाळतायत. आणि जयसिंगाच्या छावणीत एक निकोलाव मनुची आहे. व्हेनिसचा, १६३८ चा जन्म, म्हणजे तेव्हा सत्ताविशीतला. लहानपणी घरातून पळून जहाजात लपलेला, पुढे दारा शुकोहच्या तोफखान्यात नोकरी केलेला. पल्प खेळासाठी याहून चांगलं पात्र कुणाला सुचणार नाही, आणि हा खरा होता!

म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत मनुची सांगतो की रात्री तो राजाबरोबर पत्ते खेळायला बसायचा. अशाच एका रात्री डाव रंगात असताना शिवाजीराजे आत आले. सगळे उठून उभे राहिले. या गोऱ्या तरुणाकडे बघून महाराजांनी जयसिंगाला विचारलं, हा कुठल्या देशचा राजा? मनुची स्वतःला जरा मोठा करून सांगतो, तेव्हा यात मीठमसाला किती ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण तो छावणीत होता, आणि महाराज तिथे आले होते, हे पक्कं.

आता त्या तंबूत पत्ते बाजूला ठेवा आणि खरा डाव बघा. जून १६६५ चा पुरंदरचा तह. महाराजांच्या हातातले ३५ किल्ले मोजले गेले. २३ द्यायचे, चार लाख होनांच्या मुलखासकट. १२ ठेवायचे, एक लाख होनांच्या. पुरंदर गेला. सिंहगड गेला. राजगड आणि तोरणा राहिले. म्हणजे वरव्यात उभं राहिलात तर पूर्वेचा आणि वायव्येचा डोंगर दिलेला, पश्चिमेचे दोन राखलेले. आज आपल्याला शेवट माहीत आहे: १६६६ ची आग्र्याहून सुटका, ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगड, मार्चमध्ये पुरंदर. त्या रात्री तंबूत बसलेल्या पस्तिशीच्या माणसाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

हे आहे तिसरं रूप: समोर वाईट पत्ते असलेला, वेळ संपत आलेला, निर्णय घ्यावाच लागणारा माणूस. दिवाळीच्या किल्ल्यावरचे महाराज २३ किल्ले देऊ शकत नाहीत, कारण आपण त्यांना हलूच देत नाही. मग त्यांनी १२ कसे राखले यातलं कसबही आपल्याला दिसत नाही. जो हरूच शकत नाही, त्याची हुशारी कळणार कशी?

२०१९ साली आलेल्या 'गांधी' नावाच्या बोर्डगेममध्ये याचं एक उत्तर सापडतं. ब्रूस मॅन्सफील्डचा हा खेळ १९१७ ते १९४७ च्या हिंदुस्थानवर आहे. चार बाजू: राज, काँग्रेस, मुस्लिम लीग, क्रांतिकारक. प्रत्येकाला करता येण्यासारख्या गोष्टी वेगळ्या, अडचणीही वेगळ्या. अहिंसेबद्दल भाषण कुणी देत नाही. तिच्या मर्यादेत राहून जिंकायचं कसं, हे खेळणाऱ्यालाच शोधावं लागतं.

म्हणून माझा साधा नियम. खऱ्या माणसाला खेळात आणायचं तर त्याला 'शौर्य ९, बुद्धी १०' असले आकडे देऊ नका. त्याला त्याच्या अडचणी द्या. किती फौज, किती पैसा, कोण विश्वासाचा, पावसाळ्याला किती दिवस उरलेत. आणि खेळणाऱ्यांनी व्हावं मनुची, हेर, किल्लेदार. हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल'मध्ये कल्पित घराण्याची गोष्ट पुढे ठेवून शिवकाल उभा केला, तो याच जातीचा मार्ग. कल्पना मोकळी राहते, आणि खऱ्या माणसाच्या तोंडी आपण काहीबाही घालत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. साहसकथा इतिहासाला गिळते. 'गड आला पण सिंह गेला' म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आपण सगळे शिकलो. पण सिंहगड हे नाव १६६३ सालच्या पत्रातच सापडतं, म्हणजे तानाजी पडण्याच्या सात वर्षं आधी. तानाजीचं मोठेपण यानं तसूभर कमी होत नाही. गोष्ट किती चिवट असते, एवढंच यातून कळतं.

असो. येत्या दिवाळीत घरात भाचेपुतणे किल्ला करत असतील, तर ३५ चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एका किल्ल्याचं नाव. मग त्यांना सांगा, यातल्या २३ द्यायच्यात, आणि तरी राज्य वाचवायचंय. कुठल्या ठेवाल? राजगडाची चिठ्ठी आधी कोण उचलतं ते बघा.