‘शिक्का मारलेल्या फळ्या’

३. शिक्का मारलेल्या फळ्या : तुमसरच्या गिरणीतला तांदूळ ट्रकने नागपूरला जातो तेव्हा गोण्यांखाली कसल्या फळ्या आहेत, हे कुणी विचारत नाही. माल परदेशी निघाला की मात्र लाकडी पॅलेट, खोकी, कंटेनरात माल सरकू नये म्हणून लावलेले ठोकळे, या साऱ्यांना ‘आयएसपीएम १५’ लागू होतो. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखालचा हा नियम २००२ मधला. कच्च्या लाकडातून भुंगेरे, अळ्या आणि सूत्रकृमी देशोदेशी पसरत होते. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला सापडलेला आशियाई लांबशिंगी भुंगेरा असाच खोक्यांतून आला, असे मानतात. नियमानुसार साल काढलेले लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवतात किंवा त्याला मिथिल ब्रोमाइडची धुरी देतात. मग त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत ‘आयएन’, प्रक्रिया केंद्राचा क्रमांक आणि ‘एचटी’ किंवा ‘एमबी’ ही प्रक्रियेची अक्षरे उमटवतात. हाताने लिहिलेला शिक्का चालत नाही. भारतात अशा केंद्रांना केंद्र सरकारचे वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय मान्यता देते. प्लायवुड आणि ६ मिलिमीटरपर्यंतचे पातळ लाकूड यातून वगळले आहे. शिक्का लाकडापुरताच, तांदळासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते ते निराळे. जुन्या पॅलेटची एखादीच फळी बदलली, तरी तीही प्रक्रिया केलेली आणि स्वतंत्र शिक्क्याची हवी. — संपा.