कंपॅनियन (खेळणे)

कंपॅनियन ही अमेरिकन चित्रकार कॉज (मूळ नाव: ब्रायन डॉनेली, जन्म: १९७४) यांनी बाउंटी हंटर या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९९९ मध्ये साकारलेली व्हिनाइलची बाहुली आहे. संग्राहकांसाठी मर्यादित संख्येत काढल्या जाणाऱ्या 'डिझायनर टॉय' या प्रकारातील ती आरंभीची महत्त्वाची कृती मानली जाते.

१९९० च्या दशकात कॉज न्यू यॉर्कमधील बसथांब्यांवरील व टेलिफोन बूथवरील जाहिराती काढून नेत, त्यांवर फुलीच्या डोळ्यांची कवटी रंगवत आणि त्या पुन्हा जागच्या जागी लावत. पुढे चाहते या जाहिरातीच चोरून नेऊ लागले. रस्त्यावरील चित्राला संग्राह्य वस्तूचे मोल तेव्हाच आले होते.

टोकियोच्या हाराजुकू भागातील बाउंटी हंटरने कॉज यांना खेळणे करण्याची संधी दिली. बाहुलीचे हातमोजे, चड्डी व बूट उघडच मिकी माउसचे आहेत, डोके मात्र कवटीचे. पहिल्या आवृत्तीचे ५०० नग लवकरच संपले. २००६ मध्ये कॉज यांनी मेडिकॉम टॉय या कंपनीसह टोकियोत 'ओरिजिनलफेक' हे दुकान काढले; ते २०१३ मध्ये बंद झाले. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया बंदरात ३७ मीटर लांबीचा तरंगता कंपॅनियन ठेवण्यात आला.