कण्यातील अधिवृक्क-अर्बुद (तळटीप)

* मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीचे अर्बुद लहान मुलाच्या कण्यात सापडल्याचा मूळ पाठातील दाखला वाचकास चमत्कारिक वाटण्याचा संभव असल्याने थोडा खुलासा जरूर आहे. या ग्रंथीचा गाभा मज्जासंस्थेच्या आद्य पेशींपासून घडतो. तिचे पिवळसर बाह्यकवच मात्र भ्रूणाच्या मध्यस्तरात, भावी जननग्रंथींच्या अगदी शेजारी उद्भवते, आणि म्हणूनच त्याचे चुकार कण पुढे वृषणरज्जूत, किंवा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फेलिक्स मार्शां यांनी १८८३ साली दाखविल्याप्रमाणे गर्भाशयाच्या रुंद बंधात, आढळतात. क्वचित, फारच क्वचित, ते मज्जारज्जूच्या आवरणाआड, बहुधा कमरेच्या भागात, राहून जातात व तेथेच वाढीस लागतात. असे अर्बुद प्रायः सौम्य असते; संप्रेरके ते सहसा स्रवत नाही, त्यामुळे त्याचा सुगावा लागतो तो केवळ मज्जातंतूंवरील दाबाने : पाठ दुखते, चालताना पाय अडखळतो, लघवीवरचा ताबा जातो. सूक्ष्मदर्शकाखाली दाणेदार, गुलाबी पेशींचे पुंजके दिसले, तरी निदान चुकण्याची धास्ती राहतेच, कारण या जागी अधिवृक्काची अपेक्षा कोणीच करीत नाही. शस्त्रक्रियेने ते समूळ निघाल्यास मूल बहुधा बरे होते. म्हणून बालकाची सततची पाठदुखी पालकांनी व वैद्यांनी तपासणीवाचून दप्तरी दाखल करू नये, ही कळकळीची विनंती. — संपादक