शेतकी शिक्षणाची मधली पायरी

बिलासपूर रस्त्यावरील आमच्या भनपुरीत आज कारखाने आणि गोदामे यांचीच गर्दी दिसते. परंतु याच रायपूर शहराच्या पूर्वेस, लाभांडीकडे गेले की विद्यापीठाची भातशेते दृष्टीस पडतात. आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबे नोकरी-व्यवसायानिमित्त इकडे आलेली. त्यामुळे मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की वैद्यक आणि अभियांत्रिकी यांची माहिती देणारे पुष्कळ भेटतात. शेतकी शिक्षणाची वाट सांगणारा मात्र विरळा. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून शेतकीचा तज्ज्ञ नव्हे. तथापि ही वाट कशी घडली याचा इतिहास आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल, असे त्यास वाटते.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा आरंभ १८७९ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजातील शेतकी वर्गाने झाला. आपल्या बाजूस नागपूर येथे १८८८ मध्ये शेतकी शाळा निघाली आणि १९०६ मध्ये तेथे महाविद्यालय उभे राहिले. त्या काळी रायपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते. त्यामुळे रायपूरच्या मुलास शेतकीचे उच्च शिक्षण घ्यावयाचे झाल्यास नागपूर हेच स्वाभाविक ठिकाण होते. पण या महाविद्यालयांची भाषा इंग्रजी होती. ज्याच्या घरी नांगर होता त्याच्यापाशी इंग्रजी नव्हते, आणि ज्याच्यापाशी इंग्रजी होते त्याची दृष्टी बहुधा सरकारी नोकरीकडे असे.

ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबई इलाख्यात पुण्याजवळ लोणी येथे शेतकी शाळेचा प्रयोग झाला. शेतकऱ्यांच्या मुलांनी वसतिगृहात राहावे, मराठीतून शिकावे आणि वर्गाबरोबरच प्रत्यक्ष शेतात काम करावे, असा हा दोन वर्षांचा क्रम होता. योजना उत्तमच होती. परंतु तेथून बाहेर पडलेल्या मुलास पुण्याच्या महाविद्यालयाचे दार उघडे नव्हते. ती दोन वर्षे हाच त्याच्या शिक्षणाचा आरंभ आणि तोच शेवट! स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात मराठी माध्यमाची दोन वर्षांची कृषी पदविका आली. त्या बळावर कित्येक तरुण सरकारच्या शेती खात्यात कनिष्ठ पदांवर लागले, कोणी कृषी सेवा केंद्रे काढली. तरीही या पदविकेकडे विद्यापीठाची पायरी म्हणून क्वचितच पाहिले गेले. पुढे तीन वर्षांच्या कृषी तंत्रनिकेतन पदविकेस मात्र पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय झाली, ही समाधानाची गोष्ट.

अमेरिकेत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने तेथील राज्यांना जमिनी देऊन शेतकी व यंत्रविद्येची महाविद्यालये काढण्यास चालना दिली. पुढे १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात जोलिएट येथे दोन वर्षांचे कनिष्ठ महाविद्यालय निघाले. पदवीची पहिली दोन वर्षे मुलाने घराजवळ, थोड्या खर्चात पुरी करावीत आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात जावे, अशी त्यामागची कल्पना होती. अशी महाविद्यालये पुढे गावोगाव निघाली आणि त्यांतील अनेकांत शेतकीही शिकविली जाऊ लागली. यातील मर्म असे की, रसायन, वनस्पतिशास्त्र, गणित इत्यादी कोणते विषय विद्यापीठ मान्य करील, हे आधीच ठरलेले असते. कॅलिफोर्नियाने तर १९६० मध्ये आपल्या उच्च शिक्षणाच्या योजनेतच या मार्गास स्थान दिले. तेथे दोन वर्षांचे शिक्षण भिंतीशी संपत नाही. ते जिन्याच्या मधल्या टप्प्यासारखे असते.

या संदर्भात आपल्याच मातीतील एका पुरुषाचे स्मरण होते. वर्धा येथे जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे क्रांतिकार्याच्या ओढीने अमेरिकेस गेले आणि तेथे ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांतील महाविद्यालयांत शेतकी शिकले. पुढे मेक्सिकोत चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिशाळेत ते प्राध्यापक झाले व मक्याच्या संशोधनात त्यांनी नाव मिळविले. परंतु उच्च विद्या संपादन केलेल्या या माणसाने तेथील गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळाही काढल्या. वरच्या पायरीवर पोहोचलेल्याने खालची पायरी बांधून देणे, याचा याहून सुंदर दाखला शोधावा लागेल!

इकडे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूर मध्यप्रदेशात राहिले. रेल्वेचे अंतर तेवढेच राहिले, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने मध्ये राज्याची सीमा आली. १९६१ मध्ये रायपूर येथे शेतकी महाविद्यालय निघाले. १९६४ मध्ये जबलपूरचे कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते त्याच्या छत्राखाली आले, आणि १९८७ मध्ये रायपूरला स्वतःचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ लाभले. दरम्यान १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी येथे भाताचे १९,००० हून अधिक नमुने जमविले. ते वाण पिढ्यान्‌पिढ्या जपले होते छत्तीसगडच्या शेतकऱ्यांनी. विद्यापीठाची ही श्रीमंती शेताच्या बांधावरूनच आली आहे, हे विसरून चालणार नाही.

आज छत्तीसगडात उच्च माध्यमिक शाळेची अखेरची दोन वर्षे कृषी विषय घेऊन पुरी करता येतात आणि त्यानंतर प्रवेशपरीक्षा देऊन कृषी पदवीस जाता येते. विज्ञान शाखेच्या मुलांनाही हा मार्ग मोकळा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुन्हा शिक्षणास परतण्याची कल्पना स्वीकारली. मात्र थांबण्याचे दार जितके रुंद, तितकेच परतण्याचे असेल तरच तिचे सार्थक होईल. लोणीचा इतिहास आपल्याला हेच बजावतो.

आपल्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते, ती अधिवासाची. महाराष्ट्रातील राज्यस्तरीय जागांसाठी तेथील अधिवासाचे नियम आड येतात, आणि इकडच्या नियमांची माहिती वेळेवर मिळत नाही. अशा वेळी दहावीनंतरच चौकशी केलेली बरी. कोणते विषय घेतल्यास कोणते दार उघडते, हे बारावीचा निकाल लागल्यावर समजून उपयोग काय?

पन्नास वर्षांत मंडळाने परमुलखात आपली भाषा आणि सणवार जपले. सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याने एवढे आणखी करावे. दरवर्षी निकालापूर्वी पालकांची एक बैठक भरवावी, कृषी विद्यापीठात शिकलेल्या आपल्यापैकी कोणास तरी बोलवावे, आणि गुणवंतांच्या सत्कारात शेतकीकडे वळलेल्या मुलामुलींनाही मानाचे स्थान द्यावे. ज्या भूमीच्या अन्नावर आपण इतकी वर्षे वाढलो, तिच्या शेतांकडे आपली एक-दोन मुले वळली, तर ती त्या ऋणाची अल्पशी फेडच ठरेल.