वाहनातील जनित्र

वाहनातील जनित्र (बोलीभाषेत जनरेटर) म्हणजे निवासी किंवा कार्यक्रमाच्या वाहनावर बसवलेले, पेट्रोल अथवा डिझेल इंजिनाच्या साहाय्याने वीज निर्माण करणारे यंत्र होय. विजेची जोडणी नसलेल्या ठिकाणी दिवे, पंखे, शीतपेटी व वातानुकूलन यंत्र चालवण्यासाठी त्याचा उपयोग होतो. हाताळणीत हयगय झाल्यास विषारी वायू, विजेचा धक्का आणि आग असे तीन धोके संभवतात.

महाराष्ट्रातील वापर

फिरते तंबू-चित्रपटगृह आणि तमाशाचे फड यांनी जत्रांमध्ये अशी जनित्रे दीर्घकाळ वापरली आहेत. फडाच्या मालमोटारींबरोबर जनित्रही गावोगाव फिरते. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यानंतर निवासी वाहनांच्या पर्यटनालाही चालना मिळाली.

रचना व क्षमता

इंजिन फिरले की त्याला जोडलेला प्रत्यावर्तक वीज निर्माण करतो. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. ही वारंवारता राखण्यासाठी चार ध्रुवांचा प्रत्यावर्तक मिनिटाला १,५०० फेरे, तर दोन ध्रुवांचा ३,००० फेरे फिरवावा लागतो. इन्व्हर्टर पद्धतीच्या जनित्रांत मात्र फेऱ्यांची गती भारानुसार बदलू शकते. क्षमता केव्हीएमध्ये सांगतात. शक्तिगुणक ०.८ धरल्यास ५ केव्हीएच्या जनित्रातून ४ किलोवॉट वीज मिळते. वातानुकूलन यंत्र सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. म्हणून उपकरणे एकामागून एक सुरू करावीत. डिझेल जनित्र सतत फार कमी भारावर चालवल्यास इंधन अर्धवट जळून इंजिनात व सायलेन्सरमध्ये काजळी साचते.

विषारी वायूचा धोका

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग किंवा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याच्या बाधेची लक्षणे होत. झोपलेल्या व्यक्तीला मात्र ती जाणवतही नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनित्राचा वायू वाहनात शिरल्याचे नंतरच्या तपासणीत आढळले.

हे टाळण्यासाठी जनित्र सुरू ठेवून वाहनात झोपू नये. धुराच्या नळीला चीर नाही आणि तिचे तोंड भिंत, गवत किंवा खिडकीकडे नाही याची खात्री करावी. सुटे जनित्र वाहनापासून किमान ६ मीटर दूर ठेवावे. केवळ खिडकी किलकिली ठेवणे पुरेसे नाही. आत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे यंत्र बसवावे. धूर ओळखणारे यंत्र त्याचे काम करीत नाही. लक्षणे दिसताच बाधिताला मोकळ्या हवेत आणून जनित्र बंद करावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वीज व आगीपासून सुरक्षा

रबरी टायरांमुळे वाहनाचा जमिनीशी विद्युतसंपर्क नसतो. त्यामुळे जनित्राची भूसंपर्कन जोडणी (अर्थिंग) निर्मात्याच्या सूचनेनुसार, परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावी. ३० मिलिअँपिअर गळतीला प्रवाह तोडणारी आरसीसीबी बसवावी. बाहेरची वीज व जनित्र यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच आवश्यक आहे. तो नसल्यास जनित्राची वीज उलट वाहिनीत जाऊन तेथे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव धोक्यात येतो. इंधन भरण्यापूर्वी जनित्र बंद करून थंड होऊ द्यावे. कोरड्या रसायनाच्या भुकटीचे अग्निशामक हाताशी असावे. इंधनाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी मारू नये.

देखभाल

रोज सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी, शीतकद्रव, इंधनगळती व पट्ट्याचा ताण तपासावा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. तेल व गाळण्या (फिल्टर) निर्मात्याने सांगितलेल्या तासांनुसार बदलाव्यात. त्यासाठी तासांची नोंदवही ठेवावी. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे भाराशिवाय चालवून इंजिन थंड होऊ द्यावे. जनित्र महिनोन्महिने पडून राहिल्यास जुने पेट्रोल चिकट होते व बॅटरी उतरते. म्हणून महिन्यातून एकदा ते अर्धा तास भारासह चालवावे.

झरी जामणी परिसरातील परिस्थिती

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी हा तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका आहे. कोलाम व गोंड समाजांची येथे मोठी वस्ती आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसपलीकडे जाते. अशा उष्णतेत जनित्राची उपयुक्त क्षमता घटते, त्यामुळे त्यावर पूर्ण भार देणे टाळावे. कच्च्या रस्त्यांवरील धुळीमुळे हवेची गाळणी लवकर तुंबते, म्हणून ती वारंवार स्वच्छ करावी लागते. या भागातील सागाच्या पानझडी जंगलात उन्हाळ्यात वाळलेला पाला साचतो. तापलेल्या सायलेन्सरमुळे तो पेट घेऊ शकतो, यासाठी वाहन मोकळ्या, साफ केलेल्या जागी उभे करावे.

आवाज

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मानकानुसार १,००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल जनित्राचा आवाज त्याच्या पेटीपासून १ मीटर अंतरावर ७५ डेसिबलपेक्षा अधिक असू नये. वस्तीजवळ किंवा टिपेश्वरसारख्या अभयारण्याच्या परिसरात रात्री जनित्र बंद ठेवून बॅटरीवर काम भागवणे हितकारक ठरते.