कचेरीचा उंबरठा

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून इतिहासाचे एक ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्त झाले. निरोपसमारंभ रीतसर पार पडला. भाषणांत 'कुटुंब' हा शब्द निदान सहा वेळा आला. मानपत्राची चौकट मात्र वेळेवर तयार झाली नाही, म्हणून ते मागाहून सरांच्या घरी पोचवायचे ठरले आणि तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्यांच्याबरोबर एकोणीस वर्षे रोज चहा घेतला, ज्यांच्या डब्यातली भाजी आमची समजून खाल्ली, त्यांचे घर कोठे आहे हे आम्हां तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. पत्ता अखेर कार्यालयातल्या सेवापुस्तकातून घ्यावा लागला.

शहर, धावपळ, यांत्रिक जीवन, माणसामाणसांतला दुरावा ही उत्तरे मराठीच्या प्राध्यापकांच्या तोंडी अगदी तयार असतात, कारण नवकथेवरच्या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षे तीच लिहवून घेत आलो आहोत. पण कामाच्या वेळेपुरता स्नेह आणि पाच वाजले की अनोळख, ही रीत केवळ धावपळीने घडलेली नाही. तिला आपल्याकडे स्वतःचा एक इतिहास आहे, आणि तो लोकल गाड्यांपेक्षा पाण्याच्या माठाशी अधिक निगडित आहे.

पेशवाईतला कारकून ज्या फडावर बसे तेथे शेजारचा माणूस बहुधा नात्यातला, जातीतला किंवा ओळखीने आलेला असे. काम पुष्कळदा वाड्यातच चाले. साहजिकच कामावरचा माणूस आणि घरी येणारा माणूस असा भेद करण्याचे कारण फारसे पडत नसे. इंग्रजी अमलात कचेरी घराबाहेर गेली. तिला घड्याळ आले, ठरलेला पगार आला आणि एरवी एका पंक्तीला कधीच न बसलेली माणसे एका मेजाशी बसू लागली. कागद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाण्यास कोणाची हरकत नव्हती. पाण्याचे आणि अन्नाचे तसे नव्हते.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेले चहाचे प्रकरण विद्यार्थ्यांना विनोदी वाटते. वास्तविक ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. न्यायमूर्ती रानडे सरकारी न्यायखात्यात होते. परधर्मीयांशी रोज काम करण्यात त्यांचा धर्म बुडतो असे कोणी म्हटले नव्हते. मिशनऱ्यांचे व्याख्यान ऐकण्यासही आक्षेप नव्हता. व्याख्यानानंतर समोर आलेला चहाचा पेला मात्र गोपाळराव जोशी यांच्या कृपेने 'पुणे वैभवा'त नावांनिशी छापून आला आणि ग्रामण्य उभे राहिले. पुढे टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. रानड्यांच्या प्रायश्चित्ताने घरात काय वाटले ते रमाबाईंनी १९१० सालच्या आठवणींत लिहिले आहे. बैठकीत बसणे आणि पेला ओठाला लावणे यांमध्ये केवढे अंतर मानले जात होते, ते या प्रकरणावरून मोजता येते.

त्याच सुमारास मुंबईत डबेवाल्यांची व्यवस्था सुरू झाली असे सांगतात. तिचे आपण कौतुक करतो ते अचूकतेचे. पण प्रत्येकाचे अन्न प्रत्येकाच्या चुलीवरून आले पाहिजे, ही गरज त्या अचूकतेच्या बुडाशी होती. कचेरीत माणसे एकत्र आली, तशी त्यांची स्वयंपाकघरे निरनिराळी राखण्याची सोयही पाठोपाठ आली. (डबा उघडल्यावर भाजीची देवाणघेवाण होऊ लागली, तो या सोयीचा माणसांनी केलेला गोड पराभव म्हणावा लागेल.) आणि १८९० हेच साल गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुटीचे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीला गिरणीमालकांनी त्या वर्षी मान तुकवली. आठवड्याचे कामाचे दिवस आणि घरचा दिवस अशी वाटणी कामगारांच्या वाट्याला आली ती तेव्हापासून.

गिरणगावात मात्र कचेरीसारखी फारकत झाली नाही. जॉबर आपल्या गावची माणसे भरती करी, पुष्कळदा खोलीचीही सोय लावून देई. साच्यावर शेजारी उभा असलेला माणूस रात्री त्याच खोलीत पथारी टाकी किंवा त्याच खाणावळीत जेवी. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या भांडवलशाहीवरील १९९४ सालच्या ग्रंथात कामगारांच्या राजकारणाचे मूळ गिरणीइतकेच वस्तीत शोधले, ते यासाठीच. या एकोप्याचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट विसरतो. खोली गावची म्हणजे बहुधा जातीचीही असे. आणि जो खोलीत नव्हता, तो साचेखात्यातही नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. दुसऱ्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा आपल्या ओठांना नको, म्हणून चांगल्या पगाराचे हे खाते अस्पृश्य कामगारांना बंद राहिले. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावणाऱ्यांना त्याचे उत्तर देणे जड गेले.

आंबेडकरांचा स्वतःचा अनुभव या इतिहासाचे सर्वांत कठीण पान आहे. १९१७ साली ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिपाई कागदांची भेंडोळी त्यांच्याकडे दुरून फेकत, कचेरीत त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, असे धनंजय कीर यांनी चरित्रात नमूद केले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत आंबेडकर स्वतः कचेरीपेक्षा निवाऱ्याबद्दल अधिक सांगतात. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना निघून जाण्यास बजावले. त्या दिवशी त्यांनी बडोद्यातल्या दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघेही त्यांना मित्र मानीत होते, आणि तसे मानण्यात ते खोटेही नव्हते. हिंदू मित्र म्हणाला की, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ब्राह्मणाचा ख्रिस्ती झालेला. त्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले, आणि पत्नी तर दुसऱ्या दिवशी यायची होती. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास उच्चविद्याविभूषित अधिकाऱ्याने शहराच्या कडेच्या कामाठी बागेत काढले.

या दोन मित्रांचे आपण काय करायचे? त्यांना दुष्ट ठरवले की प्रकरण मिटते. पण त्यांच्यापैकी कोणीही 'मला तुम्ही नको आहात' असे म्हटले नाही. एकाने नोकर पुढे केले, दुसऱ्याने बायको. आमच्या मते कचेरीतल्या स्नेहाचे व्याकरण येथे उघडे पडते. बाहेर मी माझा असतो. घरी मात्र मी 'घरच्यांचा' असतो, आणि घरच्यांना विचारण्याचा प्रसंग शक्यतो येऊ द्यायचा नसतो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथल्या काही प्राध्यापकांनी त्यांनी प्राध्यापक-कक्षातल्या माठाचे पाणी पिण्यास हरकत घेतली. ही आमचीच जात: प्राध्यापकाची. दैनंदिनीत व्याख्यानांची संख्या लिहिणारी, पुरोगामी विषयांवर बोलणारी. हा प्रसंग वर्गात सांगताना आमचा आवाज नेहमी थोडा चढतो, जणू त्या कक्षात आम्ही नसतोच.

बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ सालच्या संग्रहातील शीर्षककथा आम्ही तिघांनीही शिकवली आहे. रेल्वेच्या नोकरीवर आलेला नायक जात सांगत नाही. कामावर जडलेला स्नेह त्याला सहकाऱ्याच्या घरापर्यंत, पानापर्यंत घेऊन जातो आणि जात कळल्यावर तोच स्नेह हाणामारीत संपतो. समीक्षेने या कथेतला विद्रोह पाहिला, ते योग्यच. पण सर्व अनर्थ कामाच्या जागेवरून घराकडे जाण्याच्या वाटेवर घडतो, याकडे आमचेही लक्ष उशिरा गेले. कामावरचा स्नेह कामावरच राहिला असता तर कथा घडलीच नसती. कदाचित म्हणूनच तो कामावरच राहावा अशी सगळ्यांची, दोन्ही बाजूंची, मूक संमती होत आली असावी.

दोन्ही बाजूंची म्हणताना आम्ही चाचरतो. कारण २०११ साली आमच्या सरांनी प्राध्यापक-कक्षात सर्वांना नव्या घराच्या गृहप्रवेशाचे निमंत्रण दिले होते. त्यावर बुद्धप्रतिमा होती. रविवार होता. आमच्यापैकी एकाकडे पाहुणे होते, एकाच्या मुलाची परीक्षा होती. तिसऱ्याचे कारण आता आठवत नाही. सोमवारी वर्गणी काढून पाकीट दिले, सरांनी पेढे दिले आणि सर्वांनी ते खाल्ले. जात आमच्या मनात नव्हती, हे आम्ही प्रतिज्ञेवर सांगू शकतो. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला, तोही रविवारच होता, आम्ही तिघे गेलो होतो. हे मात्र हा लेख लिहायला बसेपर्यंत आठवले नव्हते.

मानपत्र घेऊन आम्ही गेलो. घर महाविद्यालयापासून रिक्षाने बारा मिनिटांवर निघाले. सरांच्या पत्नीने पाणी आणले, मग चहा. पुस्तकांचे कपाट पाहिले. त्यात आमच्यापैकी एकाचा लेखसंग्रह, खुणा केलेला. गृहप्रवेशाचा विषय आम्हीच कसाबसा काढला.

"अहो, त्या दिवशी पन्नास पानांचा स्वयंपाक सांगितला होता," सर हसून म्हणाले. "कॉलेजातले पंचवीस तरी येतील असा हिशेब होता. मग काय, शेजाऱ्यांना डबे दिले."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि कप उचलले. मानपत्र कोणत्या भिंतीवर लावावे याची थोडी चर्चा झाली. खिळा नव्हता, म्हणून ते तूर्त कपाटाला टेकवून ठेवले.